चुकून हललेलें दप्तर

मार्चअखेरचे दिवस आहेत आणि एखाद्या कर-सल्लागाराच्या कचेरींत पांच-सहा माणसें एकाच सर्व्हरवरील सामाईक ड्राइव्ह उघडून कामाला बसलीं आहेत, अशी कल्पना करावी. दुपारीं एका अशिलाचा फोन येतो. त्याचें फोल्डर उघडावयास जावें, तों तें जागेवर नाहीं. काल सायंकाळीं तर तेथेंच होतें! अशा वेळीं कचेरींत पहिला प्रश्न “तें कोठें गेलें?” असा निघत नाहीं, “कोणीं काढलें?” असा निघतो, आणि बोट बहुधा सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या मुलाकडे वळतें. वस्तुतः त्यानें कांहींच पुसलेलें नसतें. फार तर कोणाचा तरी हात, माऊसचें बटण दाबलेलें असतांना, बोटभर सरकलेला असतो आणि फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटांत सुखरूप पडलेलें असतें.

असें होण्याचें कारण विंडोजच्या एका जुन्या रीतींत आहे. एका ड्राइव्हवरील वस्तु दुसऱ्या ड्राइव्हवर ओढून नेली तर तिची प्रत होते. त्याच ड्राइव्हच्या आंत ओढली तर ती वस्तुच हलते. सामाईक ड्राइव्हवर सर्वांचें काम आंतल्या आंत चालतें, म्हणून तेथें प्रत्येक ओढणें हें हलविणें ठरतें. सर्व्हरवरील फाईल पुसावयास गेल्यास विंडोज “नक्की पुसावयाची ना?” असें विचारतें, हलवितांना मात्र कांहीं विचारीत नाहीं, आणि विचारावें असें सांगण्याची सोयही तींत ठेवलेली नाहीं.

चूक ज्याच्या हातून झाली त्याच्या लक्षांत ती लगेच आली, तर त्याच संगणकावर कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबल्यानें फोल्डर परत येतें. उशीर झाला असेल तर साऱ्या ड्राइव्हवर नांवानें शोध घ्यावा. घाईघाईनें त्याच नांवाचें नवें फोल्डर मात्र करूं नये. चार दिवसांनीं जुनें सांपडतें, आणि मग खरें कोणतें याचा वाद सुरू होतो.

प्रत्येकाच्या संगणकावर करतां येण्याजोगा एक लहानसा उपाय आहे. बटण दाबून माऊस किती सरकला म्हणजे त्याला ‘ओढणें’ म्हणावयाचें, याचें माप रजिस्ट्रींत ठरलेलें असतें. चालू वापरकर्त्याच्या विभागांत ‘कंट्रोल पॅनेल’ व त्याखालीं ‘डेस्कटॉप’ येथें ‘ड्रॅगविड्थ’ आणि ‘ड्रॅगहाइट’ अशा दोन नोंदी आहेत. त्यांचें मूळचें माप अवघे ४ बिंदु असतें. तें ४० किंवा ५० केलें आणि एकदां लॉगआऊट करून पुन्हां आंत आलें, कीं थरथरत्या हातानें फोल्डर हलत नाहीं. इतर कांहीं प्रोग्रॅममध्येंही ओढणें मग थोडें जड जातें, तेवढें सोसावें. पण हें कुलूप नव्हे.

खरें कुलूप सर्व्हरवरच लावावें लागतें. तेथें दारें दोन: एक शेअरच्या परवानगीचें, दुसरें डिस्कवरील एनटीएफएसच्या परवानगीचें. दोहोंपैकीं जें अधिक कडक, तेंच चालतें. पुष्कळ कचेऱ्यांत पहिल्याच दिवशीं सोयीसाठीं सर्वांना ‘फुल कंट्रोल’ देऊन ठेवलेला असतो, आणि पुढचा सारा घोटाळा त्यांतून निघतो. शेअरवर ‘चेंज’ एवढी परवानगी कामाला पुरते.

डिस्कच्या दृष्टीनें हलविणें म्हणजे जुन्या जागेवरून काढणें आणि नव्या जागीं निर्माण करणें. काढण्याचा हक्क दोन ठिकाणांहून मिळूं शकतो: त्या फोल्डरवरील ‘डिलीट’ मधून, किंवा वरच्या फोल्डरवरील ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ मधून. एक वाट बंद करून दुसरी उघडी ठेवणारे अनेक असतात. म्हणून सर्वांत वरच्या फोल्डरवर कर्मचाऱ्यांच्या गटाला केवळ वाचण्याची परवानगी द्यावी व ती ‘धिस फोल्डर ओन्ली’ अशी लावावी. अशिलाच्या प्रत्येक फोल्डरवर मग दोन नोंदी कराव्यात. पहिली त्या फोल्डरपुरतीच: वाचणें, फायली व फोल्डर निर्माण करणें, पण ‘डिलीट’ नाहीं. दुसरी ‘सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली’ म्हणून, ‘मॉडिफाय’ची. आंतील काम पूर्ववत् चालतें. अशिलाचें फोल्डर तेवढें जागेला खिळून राहतें. खऱ्या दप्तराला हात लावण्यापूर्वीं दोन-चार निरुपयोगी फायली घातलेलें फोल्डर साध्या कर्मचाऱ्याच्या नांवानें ओढून पाहावें.

येथें उत्साही माणसाचा एक हमखास अपघात सांगितला पाहिजे. तो फायलींवरही ‘डिलीट’ला सरळ ‘डिनाय’ करून मोकळा होतो. वर्ड आणि एक्सेल फाईल जतन करतांना आधीं तात्पुरती प्रत लिहितात, मग जुनी काढून नवीला तिचें नांव देतात. काढण्याचा हक्कच नसल्यानें जतन होतच नाहीं, आणि अर्धवट तात्पुरत्या फायलींचा केर मात्र सांचतो. नांव बदलण्यासही हाच हक्क लागतो. त्यामुळें अशिलाच्या नांवांतला ऱ्हस्व-दीर्घ सुधारावयाचा झाला तरी व्यवस्थापकाकडे जावें लागेल.

“आमच्यावर विश्वास नाहीं का?” असें कर्मचारी विचारतात, आणि हें विचारणें रास्तच आहे. त्याचें उत्तर मालकानें स्वतःच्या रोजच्या खात्यालाही तेंच बंधन लावून द्यावें. अधिकाराचें खातें निराळें ठेवावें व नवें फोल्डर करण्यापुरतेंच उघडावें. सर्व हक्क हातीं असलेल्या माणसाचा माऊसही इतरांइतकाच निसटतो.

विंडोज सर्व्हरमध्यें २००३ पासून ‘शॅडो कॉपी’ची सोय आहे. ती चालू केली कीं मूळच्या वेळापत्रकाप्रमाणें सोमवार ते शुक्रवार सकाळीं ७ वाजतां व दुपारीं १२ वाजतां ड्राइव्हची स्थिति टिपली जाते, आणि फोल्डरच्या ‘प्रीव्हियस व्हर्शन्स’मधून मागची स्थिति पाहतां येते. ती बहुधा त्याच डिस्कवर असते, म्हणून निराळा बॅकअप लागतोच.

राहतां राहिला “कोणीं काढलें?” हा प्रश्न. फोल्डरवर ऑडिटिंग लावलें असेल तर सुरक्षा-नोंदवहींत ४६६३ क्रमांकाची नोंद पडते: कोणत्या खात्यानें, किती वाजतां, कोणत्या वस्तूवर, कोणता हक्क वापरला. ती आधींच चालू करून ठेवावी लागते; मागल्या तारखेची नोंद मिळत नाहीं. आणि कचेरींतील सगळे एकाच नांवानें लॉगिन करीत असतील, तर नोंदींत तें एकच नांव दिसेल, आणि बोट पुन्हां त्या नव्या मुलाकडेच वळेल.