दुहेरी डिस्कहानी आणि परस्परलंब लॅटिन चौरस

माहिती अनेक डिस्कांच्या समूहावर विभागून ठेवावयाची आणि त्यांतील एखादी निकामी झाली असता उरलेल्या डिस्कांवरून तिच्यातील मजकूर पुन्हा सिद्ध करावयाचा, ही पद्धत आता सर्वपरिचित आहे. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ‘रेड’ या नावाने तिची पद्धतशीर मांडणी केली. एक डिस्क गेल्यास काय करावे, हा प्रश्न सोपा आहे. दोन गेल्यास काय करावे, हा खरा प्रश्न होय. त्याच्या मुळाशी असलेल्या गणिताशी प्रा. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचे नाव कायमचे निगडित झाले आहे.

प्रश्नाचे स्वरूप एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. गुहागर तालुक्यातील हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ नावाची खडकातील अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी पाणी तीत वेगाने शिरून वर उसळते. तेथे समुद्राची पातळी (अ) आणि पाण्याच्या उसळीची उंची (ब) नोंदविणारे यंत्र बसविले आहे व दोन्ही मापे ० ते ४ अशा पाच श्रेणींत दोन स्वतंत्र डिस्कांवर लिहिली जातात, असे समजावे. प्रयोगशाळेतील प्रयोग पुन्हा करता येतो. गेलेली भरती पुन्हा मोजता येत नाही. म्हणून नोंद हरवणे म्हणजे ते निरीक्षणच कायमचे नाहीसे होणे होय.

तिसऱ्या डिस्कवर ताळ्याचा अंक क लिहावा : अ व ब यांच्या बेरजेला पाचाने भागून राहणारी बाकी. या तिहींपैकी कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोहोंवरून तिचा अंक काढता येतो. परंतु दोन गेल्या तर हा उपाय खुंटतो. तेव्हा चौथ्या डिस्कवर दुसरा ताळा ड लिहावा : अ अधिक ब ची दुप्पट, भागिले पाच, याची बाकी. अ = ३ व ब = ४ असता क = २ व ड = १ येतो. आता मूळ मापांच्या दोन्ही डिस्का नष्ट झाल्या असे धरू. ड मधून क वजा करता उणे १, म्हणजे पाचाच्या हिशेबाने ४, हा ब मिळतो; आणि क मधून ब वजा करता अ = ३ मिळतो. काहीही हरवत नाही.

हे का साधते? अ ही ओळ व ब हा स्तंभ मानून पाच बाय पाच घरांच्या एका चौरसात क व दुसऱ्यात ड मांडावा. प्रत्येक चौरसातील प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक अंक एकदाच येतो. अशा चौरसास लॅटिन चौरस म्हणतात. शिवाय दोन्ही चौरस एकमेकांवर ठेवले असता अंकांची प्रत्येक जोडी एकाच घरात येते. अशा चौरसांना परस्परलंब म्हणतात. चार डिस्कांतून दोन शिल्लक राहण्याचे प्रकार सहा. अ व ब शिल्लक असल्यास प्रश्नच नाही. एक मूळ अंक व एक ताळा शिल्लक असण्याचे चार प्रकार लॅटिन गुणामुळे सुटतात. आणि केवळ दोन ताळे उरण्याचा प्रकार परस्परलंबतेमुळे सुटतो. अर्थात दोन मूळ व दोन ताळ्याच्या डिस्कांची अशी योजना आणि परस्परलंब लॅटिन चौरसांची जोडी, ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत. गोलोम्ब व पोस्नर यांनी १९६४ मध्ये या संबंधाचे विवेचन केले.

पाचाऐवजी दहा अंक घेतल्यास मात्र वरील रीत चालत नाही. १ व ६ या दोहोंच्या दुपटीला दहाने भागले असता बाकी २ च राहते. म्हणून अ व ड वरून ब निश्चित होत नाही. गुणक बदलूनही ही अडचण दूर होत नाही. ऑयलरने १७८२ मध्ये असे अनुमान मांडले होते की ६, १०, १४ अशा, चाराने भागले असता दोन उरणाऱ्या संख्यांसाठी परस्परलंब जोडी असूच शकत नाही. सहाच्या बाबतीत ते खरे असल्याचे तारी याने १९०० च्या सुमारास दाखविले. परंतु १९५९ मध्ये राजचंद्र बोस व श्रीखंडे यांनी २२ साठी आणि पार्कर यांनी १० साठी अशी जोडी रचली. आणि तिघांनी मिळून सहापुढील अशा सर्व संख्यांच्या बाबतीत हे अनुमान खोटे ठरविले. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले; २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

संगणकाच्या बाइटास २५६ मूल्ये असतात. तेथेही साध्या बाकीची रीत फसते. परंतु २५६ हा दोनाचा आठवा घात असल्याने सांत क्षेत्राचा गुणाकार वापरता येतो. रीड व सॉलोमन यांच्या १९६० च्या संकेतांमागे हेच गणित असून त्यामुळे दोनच नव्हे, तर अनेक मूळ डिस्कांना दोन ताळे पुरतात.

दुसऱ्या ताळ्याची गरज व्यवहारात पुनर्रचनेच्या काळात भासते. चार टेराबाइटांची डिस्क सेकंदास १५० मेगाबाइट या गतीने भरावयास सुमारे साडेसात तास लागतात. आणि तेवढ्यात उरलेल्या सर्व डिस्का संपूर्ण वाचाव्या लागतात. अनेक साध्या डिस्कांबाबत निर्माते १०० लक्ष कोटी बिटांमागे, म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाइटांमागे, न वाचता येणाऱ्या एका चुकीची मर्यादा सांगतात. ताळा एकच असेल तर पुनर्रचनेच्या वेळी अशी एक चूकही तेवढा भाग गमावण्यास पुरेशी होते. म्हणूनच समूह सुस्थितीत असतानाच नियमाने संपूर्ण वाचून ताळा पाहणे, निकामी डिस्क अनुक्रमांकावरून ओळखूनच काढणे आणि बदली डिस्क हाताशी ठेवणे आवश्यक ठरते.

येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. कोणती डिस्क गेली हे ठाऊक असेल तरच दोन ताळे दोन हानी भरून काढतात. डिस्क मुकाट्याने चुकीचा अंक देत असेल, तर त्यांच्या आधारे अशी एकच चूक शोधून दुरुस्त करता येते. शिवाय डिस्का एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात हे गृहीत धरलेले असते. एकाच खेपेच्या, एकाच वीजजोडणीवरील, किनाऱ्यावरच्या एकाच खाऱ्या हवेतील डिस्कांना ते पूर्णतः लागू पडत नाही. आणि वीज कोसळली तर मूळ व ताळा असा भेद ती करीत नाही. ताळ्याचे गणित डिस्कहानीवरील उपाय आहे, स्थलहानीवरील नव्हे. हेदवीच्या नोंदींची एक प्रत हेदवीबाहेर असलीच पाहिजे.