स्टेजवरची वजाबाकी

कार्यक्रम सुरू व्हायला तासभर आहे. मैदानात खुर्च्या मांडून झाल्यात, ढोलकीवाला ढोलकी चढवतोय आणि कीबोर्डवाला आपली पीन खोचतो. त्याबरोबर दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या थप्प्यांमधून एक जाडसर ‘घुंऽऽ’ मैदानभर पसरतं. साउंडवाले याला ‘हमिंग’ म्हणतात. कान तयार असलेल्या माणसाने हार्मोनियम पुढे ओढली तर या घरघरीचा सूरही सापडतो : खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळचा, जरासा चढा. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि ५० हर्ट्‌झ, तसंच त्याची दुप्पट १०० हर्ट्‌झ, तिथेच पडतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची. त्यामुळे तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध लोंबकळते. त्या मानाने आपली सुरेल म्हणायची!

ही वीज गाण्यात शिरते कशी? गायकाच्या तोंडाशी असलेल्या साध्या डायनॅमिक माईकमधून जेमतेम एखाद-दोन मिलिव्होल्ट निघतात. आठ ओहमच्या स्पीकरला हजार वॉट पुरवायचे तर त्याच्या टोकांवर जवळपास ९० व्होल्ट लागतात. म्हणजे वाटेत कुठे ना कुठे विजेचा हा दाब पन्नास हजार पटींच्या घरात वाढवायचा. वाढवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. पण ॲम्प्लिफायरला गाणं कुठलं आणि कचरा कुठला हे कळत नाही. स्टेजपासून मिक्सरपर्यंतची तीस-चाळीस मीटर वायर जनरेटरच्या केबलींशेजारून, दिव्यांच्या डिमरखालून जाते. तिथे तिने दशांश मिलिव्होल्ट जरी उचलला, तरी तोही त्याच पटीने मोठा होऊन लोकांच्या कानावर येतो.

छोट्या हॉलात हे दुखणं नसतं. गिटारवाल्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर पुरतो, ढोलकीला तर तोही नको. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर लोकांपुढे बीटल्स उभे राहिले, तेव्हा त्यांच्या गिटारींमागे १०० वॉटचे व्हॉक्स ॲम्प्लिफायर होते. किंकाळ्यांच्या त्या गदारोळात वाजवणाऱ्यांना आपलंच वाजवणं धड ऐकू येईना. एवढ्या मोठ्या जागेत प्रत्येक वाद्य सगळ्यांच्या सामायिक ध्वनियंत्रणेत, म्हणजे पीएमध्ये, जायलाच हवं.

पण गिटारची वायर थेट मिक्सरच्या माईक इनपुटला लावून भागत नाही. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून दाब बऱ्यापैकी मिळतो, पण प्रवाह पुरवायची ताकद नसते. माईक इनपुटचा रोध साधारण दोन हजार ओहम, आणि पिकअपसाठी एवढा कमी रोध म्हणजे मोठीच ओढ. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी अर्धी असताना सगळ्या मजल्यांनी एकदम नळ सोडले की कुणालाच धार मिळत नाही, तशी गत. त्यात वायरची धारकता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. पाच मीटर वायरीवर एखाद्या नेहमीच्या पिकअपची चमक ४,००० हर्ट्‌झच्या आसपास असेल, तर तीस मीटरवर ती १,७००पर्यंत घसरते. तोंडावर उशी दाबून गिटार वाजवल्यासारखं वाटतं.

व्हायोलिनला किंवा साध्या गिटारच्या घोडीखाली बसवलेल्या पिझो पिकअपचं नेमकं उलटं. तो विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर असतो, समजा एक नॅनोफॅरडचा. कमी रोधाच्या इनपुटला तो लावला की सगळाच आवाज दबतो आणि खालचे सूर सर्वांत जास्त मरतात. तार ऐकू येते, लाकूड ऐकू येत नाही. रोध दहा लाख ओहमवर नेला तर १६० हर्ट्‌झच्या वरचं सगळं नीट मिळतं. एक कोटी ओहमवर नेला तर ही मर्यादा १६ हर्ट्‌झवर, कानाच्या टप्प्याखाली जाते. एखाद्या कार्यक्रमात व्हायोलिन पत्र्यासारखं वाजलं की लोक वादकाला नावं ठेवतात. पुष्कळदा दोष या दोन आकड्यांचा असतो.

यावरचा उपाय म्हणजे वाद्याशेजारी जमिनीवर पडलेली, कुणाचं लक्षही जात नाही अशी धातूची डबी : डीआय बॉक्स. साध्या डीआयमध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो, बहुधा बारास एक वेढ्यांचा. रोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणजे १४४ पट. म्हणून मिक्सरचे दोन हजार ओहम गिटारला २ लाख ८८ हजार भासतात. पिझोला एवढंही पुरत नाही, तिथे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली डीआय लागते.

डबीच्या दुसऱ्या बाजूने निघते तीन पिनांची एक्सएलआर वायर. तिचं टोक उघडून बघा. विणलेल्या जाळीची वेणी पहिल्या पिनेला डाख लावून जोडलेली, आणि आत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा दुसऱ्या-तिसऱ्या पिनेला. एका तारेतून गाणं सुलटं जातं, दुसरीतून उलटं. समजा एकीवर ५ आहे, दुसरीवर उणे ५. वाटेत दोघींवर सारखीच ३ इतकी घरघर बसली. आता झाले ८ आणि उणे २. मिक्सर दोन्हींची वजाबाकी करतो : १०. गाणं दुप्पट, घरघर शून्य. पीळ घालायचा तो दोन्ही तारा कचऱ्याच्या उगमापासून सरासरी सारख्याच अंतरावर राहाव्यात म्हणून. ही युक्ती टेलिफोनच्या तारांची. पीळ घातलेल्या जोडीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ साली घेतलं होतं.

पुष्कळ ठिकाणी हे एवढंच सांगून सोडून देतात, आणि ते अर्धवट आहे. उलट्या गाण्यावाचूनही घरघर जाते. कित्येक यंत्रांत गाणं एकाच तारेत असतं, दुसऱ्या तारेला नुसता तेवढ्याच मूल्याचा रोध जोडलेला असतो. दोन्ही तारांची जमिनीशी स्थिती सारखी हवी, म्हणजे कचरा दोन्हींवर सारखा बसतो. एका पिनेचा डाख सैल झाला की हा समतोल ढळतो आणि चांगली महागडी वायरही घरघरू लागते.

हीच वजाबाकी फँटम पॉवरच्या मुळाशी आहे. कंडेन्सर माईकला आणि इलेक्ट्रॉनिक डीआयला चालायला वीज लागते. ती त्याच वायरीतून, दोन्ही तारांवर सारखी, ४८ व्होल्टने पाठवली जाते. ४८ वजा ४८ शून्य, म्हणून गाण्याला तिचा पत्ता लागत नाही. हा आकडा नॉर्वेतून आला. १९६६ साली तिथल्या सरकारी नभोवाणीसाठी नॉयमान कंपनीने असे माईक केले, तेव्हा आणीबाणीच्या दिव्यांसाठीचा ४८ व्होल्टचा पुरवठा तिथे आधीच होता. आज जगभर तोच आकडा चालतो.

वजाबाकीला दाद न देणारी घरघरही असते. कीबोर्ड स्टेजवरच्या विजेच्या बोर्डवर, मिक्सर मैदानाच्या मध्यावरच्या दुसऱ्या बोर्डवर. दोन्ही अर्थिंगच्या दाबात किंचित फरक असतो आणि वायरची जाळी ते दोन अर्थ जोडून देते. मग त्या जाळीतूनच ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहू लागतो. यासाठी डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं एक बटण असतं. ते जाळी तोडतं. गाणं ट्रान्सफॉर्मरमधून चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं. काही महाभाग मात्र कीबोर्डच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पीनच काढून टाकतात. घरघर जाते हे खरं. मे १९७२मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी नीट अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावताच शॉक लागून स्टेजवरच गेला. प्लगच्या त्या पिनेला कुणी हात लावू नये.

ढोलकीला पिकअप चालत नाही, दोन माईक लागतात, दोन्ही पुड्यांपाशी एकेक. इथे वजाबाकी नको असताना होते. शाईच्या पुडीवर थाप पडली की ती पुडी आत जाते, आतली हवा दुसरी पुडी बाहेर ढकलते. एका माईकपासून पुडी लांब गेली, दुसऱ्याच्या जवळ आली. दोन्ही आवाज मिक्सरवर एकत्र केले की खर्ज एकमेकांना खातो आणि ढोलकी पोकळ वाजते. मिक्सरवर एका माईकपुढचं, शून्यावर तिरकी रेघ असलेलं बटण दाबायचं. खर्ज लगेच भरून येतो.

ही वजाबाकी सर्वांत धाडसाने वापरली ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडने. १९७४ साली त्यांनी वादकांच्या पाठीमागेच शेकडो स्पीकरची भिंत उभी केली, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये ती २३ मार्चला वाजली. स्पीकर माईकसमोर म्हणजे शिट्टी ठरलेली. म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माईक, उलटे जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा, म्हणून तो वजा. गायक गातो एकातच, म्हणून तो उरतो. मात्र ओठ माईकपासून थोडे हलले की आवाज बारीक व्हायचा, आणि तो पसारा हलवायला ट्रकच्या ट्रक लागायचे. वर्ष सरायच्या आत भिंत मोडीत निघाली.

आता मोठ्या मैदानांवर अनेक वायरी एकत्र बांधलेल्या जाड मल्टिकोअर केबलऐवजी स्टेजवरच्या डिजिटल पेटीतून एकच नेटवर्क केबल मिक्सरकडे जाते. तिच्याही पोटात पीळ घातलेल्या तारांच्या चार जोड्या. पण गिटारपासून त्या पेटीपर्यंतचे पहिले काही मीटर अजून जुन्याच जॅकच्या वायरीचे आहेत. लाखोंचा मिक्सर घेऊन फिरणारे साउंडवाले म्हणूनच सामानात डीआय मोजून घेतात, आणि वर दोन जास्तीच्या टाकतात.