सैन्य आपला रस्ता सोबत घेऊन जातं! पण त्याचं वजन कमी कसं करायचं?

३१ डिसेंबर १९४३ ची रात्र. जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोन ब्रिटिश सैनिक पोहत आले. लोगन स्कॉट-बाउडन आणि ब्रूस ऑग्डेन-स्मिथ. त्यांनी एकही गोळी झाडली नाही. वाळूत भोकं पाडली, खालची माती नळ्यांमध्ये भरली आणि पुन्हा समुद्रात शिरले.

कशासाठी? तर वाळूखाली मऊ चिकणमाती असेल आणि गाड्या तिथंच रुततील, अशी भीती होती. एक ट्रक रुतला की मागची सगळी रांग थांबते आणि थांबलेली रांग म्हणजे शत्रूला आयतं लक्ष्य.

म्हणून ६ जून १९४४ ला ‘बॉबिन’ नावाचे चर्चिल रणगाडे किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यापुढं जाड कापडाची गुंडाळी होती, त्यात लोखंडी नळ्या. रणगाडा पुढं जाईल तशी ती उलगडायची आणि रस्ता तयार!

यामागचं गणित काय?

पावसाळ्यात आपण चिखलावर फळी टाकून चालतो, तेच. वजन मोठ्या जागेवर पसरलं की जमीन खचत नाही.

त्याच युद्धात अमेरिकेनं भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्या वापरल्या. एक पट्टी साधारण ३ मीटर लांब, ३८ सेंटीमीटर रुंद आणि ३० किलोची. म्हणजे ३ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब रस्त्यासाठी जवळपास आठ टन पोलाद! ॲल्युमिनियममुळं हे वजन जवळपास निम्म्यावर आलं.

मग कंपोझिट कशाला?

कंपोझिट म्हणजे काचेचे किंवा कार्बनचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेला पदार्थ. पोलाद पाण्यापेक्षा जवळपास आठपट जड, तर फायबरग्लास साधारण दुप्पट. शिवाय गंज लागत नाही.

अडचण एकच. फायबरग्लास पोलादापेक्षा जास्त वाकतं. त्यावर उपाय आकाराचा. पुठ्ठ्याचा खोका आठवा: दोन पातळ कागद, मध्ये नागमोडी थर, तरी तो ताठ राहतो. तसेच दोन पातळ थर आणि मध्ये हलका गाभा ठेवला की वजन फारसं न वाढता ताठपणा कितीतरी वाढतो. अमेरिकी सैन्याची ‘मो-मॅट’ ही फायबरग्लासची चटई वॅफलसारख्या खाचांची होती, तीही याच कारणानं. बॉम्बनं धावपट्टीवर पडलेले खड्डे बुजवल्यावर वर अंथरायलाही फायबरग्लासच्या चटया वापरतात, म्हणजे सुटे खडे विमानाच्या इंजिनात जात नाहीत.

घोडं अडतं कुठं?

धातू वाकला तर दिसतो, ठोकून सरळ करता येतो. कंपोझिटचे थर मात्र आतल्या आत सुटतात, वरून पत्ताही लागत नाही. सांधे आधी तुटतात. ओला पृष्ठभाग निसरडा होतो, म्हणून वर खरबरीत लेप द्यावा लागतो. आणि किंमतही जास्त.

म्हणूनच अमेरिकेत विक्सबर्गच्या लष्करी संशोधन केंद्रात अशा चटया मऊ मातीवर अंथरून त्यावरून अवजड गाड्या पुन्हा पुन्हा फिरवतात आणि चाकोरी किती खोल गेली ते मोजतात.

आपल्याकडं लष्करासाठी पूल आणि इतर अभियांत्रिकी साधनं तयार करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा पुण्यात, दिघीला आहे.

पूर आल्यावर मदतीचे ट्रकही असेच चिखलात अडकतात. तिथंही प्रश्न तोच: रस्ता ट्रकला पेलणारा तर हवाच, पण चार माणसांना उचलता येईल इतका हलकाही हवा.