गाडी खाली बसवली, आता चाकं सरळ कशी करायची?

ईदनंतरच्या आठवड्यात एका वलीम्यासाठी आम्ही मालेगावहून धुळ्याला निघालो होतो. गाडी भाच्याची, जुनी हॅचबॅक. आत पाच माणसं, मागे आपा आणि दोन मुली. मुंबई-आग्रा महामार्गावर डावं चाक एका खड्ड्यात गेलं आणि भाच्याने स्टेअरिंग हलवलेलं नसताना गाडी हातभर बाजूला सरकली. शेजारच्या लेनमध्ये ट्रक नव्हता, अल्लाहचा शुक्र. पुढच्या ढाब्यावर उतरून पाहिलं तर पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड घासून तारा दिसायला लागल्या होत्या. बाहेरची कड मात्र नव्यासारखी.

भाच्याने दोन महिन्यांपूर्वी गाडी खाली बसवली होती. नवे स्प्रिंग महाग, म्हणून जुनेच स्प्रिंग कापून सुमारे 50 मिलिमीटर उतरवली. आम्ही रागावलो तर त्याने खिशातून अलाइनमेंटचा कागद काढला. "मामू, परवाच केलंय. हे बघा, सगळे आकडे हिरव्यात आहेत." कागद खोटा नव्हता, मशीनही बिघडलेलं नव्हतं. मग टायर का खाल्ले? आपल्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच नौजवानांनी गाड्या अशाच बसवल्या आहेत आणि गॅरेजमध्ये काम करणारी पोरंही आपलीच आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहोत.

मारुती 800 पासून आल्टो, स्विफ्ट, आय-10 पर्यंत आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. उभा शॉकप, त्याच्याभोवती स्प्रिंग, आणि खाली चाकाला धरून ठेवणारा आडवा लोअर आर्म. त्याच्या जवळूनच दुसरा, बारीक दांडा जातो, तो टाय रॉड. स्टेअरिंग फिरवलं की रॅक सरकते आणि टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो. चाक खड्ड्यात वर-खाली झालं की हे दोन्ही दांडे आपापल्या खिळीभोवती कंपाससारखा कंस काढतात. सगळी गंमत या दोन कंसांत आहे.

घरी करून बघा. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, एक 35 सेंटिमीटरची (हा लोअर आर्म) आणि एक 30 ची (हा टाय रॉड). दोघींची आतली टोकं टाचणीने फळीवर टोचा. पट्ट्या सपाट ठेवा आणि बाहेरची टोकं 20 मिलिमीटर वर उचला. टोक वर गेलं की थोडं आतही ओढलं जातं. किती, ते पायथागोरस सांगतो, दहावीची पोरं काढतील: लहान पट्टी 0.67 मिलिमीटर आत येते, मोठी 0.57. फरक फक्त 0.1. आता आधीच 40 मिलिमीटर वर असलेली टोकं आणखी 20 वर न्या. लहान पट्टी या टप्प्यात 3.4 मिलिमीटर आत येते, मोठी 2.9. फरक 0.5. म्हणजे खड्डा तेवढाच, पण दोन दांड्यांमधली ओढाताण पाचपट.

ही अर्धा मिलिमीटरची ओढ चाकाला वळवते. नकलमधला टाय रॉडचा जोड चाकाच्या वळण्याच्या केंद्रापासून साधारण 130 मिलिमीटरवर असतो आणि रिमचा व्यास त्याच्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळे रिमवर तोच अर्धा मिलिमीटर दीडच्या आसपास दिसतो. कंपनी गाडीची उंची ठरवताना दोन्ही दांडे सपाटाच्या जवळपास राहतील असं पाहते, तिथे ही ओढाताण नगण्य असते. आपण गाडी बसवतो तेव्हा दांडे तिरके होतात आणि प्रत्येक खड्ड्याला चाक आपोआप थोडं वळतं. इंजिनिअर याला बंप स्टीअर म्हणतात. प्रत्येक गाडीत दांड्यांची लांबी वेगळी, शॉकपचा कलही मध्ये येतो, म्हणून कुठे चाकं आत वळतात तर कुठे बाहेर. आमचं पुठ्ठ्याचं गणित फक्त कारण समजण्यापुरतं आहे.

अलाइनमेंटचं मशीन उभ्या, रिकाम्या गाडीचं माप घेतं. चालत्या, भरलेल्या गाडीत काय होतं ते त्या कागदावर येत नाही. आम्ही भाच्याला म्हटलं, आपण स्वतः मोजू.

आधी जमीन. अंगण सपाट दिसतं, असतं असं नाही. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, ती आणली आणि चारही चाकांखालची पातळी पाहिली. जिथे कमी होती तिथे फरशीचे तुकडे आणि पत्रा घातला. टायरमध्ये हवा सारखी केली. पुढच्या प्रत्येक चाकाखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे एकावर एक ठेवले, म्हणजे चाक अडकून न राहता मोकळं सरकतं. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया, तेव्हा चाक जॅकवर उचलून हाताने हलवून आधी तेच पाहावं. आणि गाडीखाली जायचं असेल तर लोखंडी स्टँड हवेतच. विटा रचून गाडी ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. वीट फुटायला क्षणही लागत नाही.

मग दोरा. दोन मीटर लांबीचे दोन सारखे पाइप घेतले आणि दोन्हींवर अगदी सारख्याच अंतरावर दोन-दोन खाचा केल्या. एक पाइप गाडीच्या पुढे, एक मागे, चाकाच्या मध्याच्या उंचीवर स्टुलांवर ठेवला. खाचांमधून मच्छीमारांचा नायलॉन दोरा ताणला की दोन्ही बाजूंचे दोरे आपोआप समांतर होतात. मग पाइप इकडे-तिकडे सरकवत राहायचं, जोपर्यंत पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून दोरा जितका लांब तितकाच उजव्याही येत नाही, आणि मागेही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळलं नाही तरी चालेल, ते वेगळंच असतं. या कामाला आमचा पाऊण तास गेला आणि चहा दोनदा झाला, पण घाई केली तर पुढचे आकडे खोटे निघतात.

स्टेअरिंग सरळ बांधून ठेवा. आता दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. पुढचं अंतर जास्त, म्हणजे चाकाचं नाक आत वळलेलं: टो-इन. पुढचं कमी म्हणजे टो-आऊट. 14 इंची रिमवर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 0.15 अंश. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, तोही गवंड्याच्याच ओळंब्याने कळतो. दोरी चाकासमोर सोडा, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. साडेसहा मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश.

भाच्याच्या गाडीत रिकामी असताना टो-आऊट दोन्ही चाकं मिळून अर्धा मिलिमीटर निघाला. कागद खरा होता! मग आम्ही गल्लीतली चार पोरं आत बसवली, गाडी जरा हलवून बसू दिली आणि पुन्हा मोजलं. साडेतीन मिलिमीटर टो-आऊट. माणसं भरल्यावर दोन्ही चाकं बाहेरच्या दिशेला पळत होती, शिवाय खालच्या उंचीमुळे ती वरून आत कललेली होती, आणि आतली कड रस्त्यावर खरवडली जात होती. धुळ्याच्या वाटेवर आम्ही पाच जण होतो.

आता दुरुस्ती. थोडीच बसवलेली गाडी असेल, 20-25 मिलिमीटर, आणि चांगल्या बनावटीचे पूर्ण स्प्रिंग असतील, तर घरी बरंच साधतं. आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर बदललं की टो बदलतो. कॅम्बरसाठी शॉकप आणि नकल जोडणाऱ्या बोल्टच्या जागी काही गाड्यांना कॅम्बर बोल्ट मिळतो. टोसाठी टाय रॉडचा लॉकनट सैल करा, रबरी बूटची क्लिप सोडा म्हणजे बूट पिळवटत नाही, आणि दांडा फिरवा. साधारण पाव फेऱ्याला रिमवर एक मिलिमीटर फरक पडतो. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा, नाहीतर टो जुळेल पण स्टेअरिंग वाकडं राहील. दर वेळी गाडी तीन-चार मीटर पुढे ढकलून पुन्हा मोजा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापावर थांबा, लॉकनट तिथे दिलेल्या ताकदीनेच आवळा आणि क्लिप परत बसवा. टाय रॉड एंडमध्ये आटे पुरेसे आत राहिलेत ना, हे विसरू नका. मग गाडी भरून पुन्हा मोजा. हा शेवटचा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही.

पण रिकाम्या आणि भरलेल्या मापात दोन मिलिमीटरहून जास्त फरक येत असेल, तर टाय रॉड कितीही फिरवा, उपयोग नाही. एका उंचीवर जुळवाल, दुसऱ्या उंचीवर बिघडेल. तिथे दांड्यांचा तिरकेपणाच काढावा लागतो. शर्यतीच्या गाड्यांना त्यासाठी लांब खुंट्याचे बॉल जॉइंट आणि टाय रॉडचं टोक खाली आणणारे जोड बसवतात. आपल्या साध्या गाड्यांसाठी ते सहज मिळत नाहीत, आणि कुणी म्हणालं की "नकल गरम करून वाकवून देतो" किंवा "टाय रॉडला वेल्डिंग मारतो", तर तिथून गाडी घेऊन निघावं. स्टेअरिंगच्या भागावर वेल्डिंग म्हणजे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ. कापलेल्या स्प्रिंगचंही तसंच: ते कडक होतात, आणि चाक हवेत लोंबलं की आपल्या खोबणीतून निसटू शकतात. ते घरी काढायलाही जाऊ नका. दाबलेला स्प्रिंग सुटला तर हाताची बोटं राहत नाहीत, ते काम कॉम्प्रेसर असलेल्या मिस्त्रीचं.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. उंची बदललेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी काय विचारेल, तेही बसवण्याआधी विचारून घ्यावं.

भाचा दोन दिवस रुसला होता. गाडी मित्रांत मिरवायची होती, त्याचं वय तसं आहे. पण चार पोरं बसवल्यावरचं माप त्याने स्वतः पट्टी धरून घेतलं होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. मूळ मापाचे नवे स्प्रिंग घातले, दोन टायर बदलले. खर्च गाडी बसवायला लागला होता त्याच्या कितीतरी पट. त्यानंतर पुन्हा अंगणात दोरे ताणले: रिकामी गाडी आणि चार पोरं बसलेली गाडी यांच्यात फरक अर्धा मिलिमीटर. पाइप आणि दोरा त्याने आमच्या गच्चीवर ठेवून दिलाय. गेल्या जुम्याला नमाजनंतर त्याचा एक दोस्त विचारत आला की ते पाइप एका दिवसासाठी मिळतील का.