राजा, किल्ला आणि वेदी

घोडबंदरचा खाडीवरचा किल्ला पोर्तुगीजांचा. त्यांच्या मुलखात बिशपाचे नाव सुचविण्याचा हक्क राजाचा. चर्चचा खर्चही त्याच्याच माथी. या व्यवस्थेला ‘पाद्रोआदो’ म्हणत. मग मिठाला जागणे आलेच! मराठ्यांनी १७३७ साली ठाणे व १७३९ साली वसई घेतली. राजा गेला, पण इथल्या ख्रिस्ती रयतेची श्रद्धा राहिली. पिलातापुढे येशू सांगतो की, आपले राज्य ऐहिक असते तर सेवक लढले असते. म्हणून जुलमाकडे पाठ फिरवावी, हा अर्थ मला पटत नाही. आदल्याच रात्री या सुतारपुत्राने शिष्यांचे पाय धुतले होते. मालकांना, आणि आम्हा युनियनच्या पुढाऱ्यांनाही, ते झोंबले पाहिजे. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण लावून दिला, तेव्हा त्याच रोममध्ये मुसोलिनी सत्तेवर होता.