स्विचवरील वर्गीकरण आणि ‘परमिट’चा वेगळा अर्थ

धाराशिवच्या जिल्हा मुख्यालयाला परंडा, भूम, उमरगा अशा तालुक्यांशी जोडणारी राज्यव्यापी जाळ्याची योजना केंद्राने मार्च २००५ मध्ये मंजूर केली, तेव्हा तिची किमान क्षमता केवळ २ एमबीपीएस ठरलेली होती. अशा अरुंद वाटेवर दूरदृश्य बैठक आणि फाइलींची वाहतूक एकत्र आली की कोणत्या पॅकेटला आधी सोडायचे हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी प्रथम ते पॅकेट कोणत्या वर्गातले आहे हे ओळखावे लागते.

ही ओळख ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजे नियमांची क्रमवार यादी, पटवते. साधी यादी केवळ पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता पाहते, तर विस्तारित यादी गंतव्य पत्ता, प्रोटोकॉल आणि पोर्ट क्रमांकही तपासते. पहिला जुळणारा नियम लागू होतो, म्हणून नेमका नियम वर आणि व्यापक नियम खाली ठेवणे अत्यावश्यक ठरते.

येथेच सर्वाधिक गोंधळ होतो, कारण सुरक्षेसाठी लावलेल्या यादीत ‘डिनाय’ म्हणजे पॅकेट टाकून देणे, परंतु वर्गीकरणात त्याचा अर्थ ‘हे या वर्गातले नाही, पुढचा वर्ग पाहा’ एवढाच असतो आणि ‘परमिट’चा अर्थ ‘हे या वर्गातले आहे’ असा होतो. वर्ग ठरल्यावर पॅकेटच्या शीर्षकातील डीएससीपी या ६ बिटांच्या जागेत खूण उमटवता येते. आवाजासाठी ती बहुधा ४६ असते. पॅकेटची तुलना स्विचमधील टीकॅम नावाची विशेष स्मृती यादीतील सर्व नियमांशी एकाच वेळी करते, त्यामुळे यादी लांबली तरी वेग टिकतो, मात्र तिची जागा मर्यादित असते.