दोन हंगामांच्या मधला काळ

परदेशी स्थलांतराविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात निघण्याची कारणे आणि पोहोचल्यानंतरचे अनुभव यांना पुष्कळ जागा मिळते. परंतु निर्णय झालेला आहे, अर्ज गेलेला आहे आणि व्हिसा मात्र अद्याप हाती आलेला नाही, अशा मधल्या काळाचा स्वतंत्र विचार सहसा होत नाही. हा काळ कधी सहा महिन्यांत संपतो, तर कधी तीन-तीन वर्षे लांबतो, आणि तेवढ्या अवधीत माणसाला इथली नोकरी टिकवावी लागते, घर चालवावे लागते आणि दोन्हीकडचे हिशेब एकाच पगारातून भागवावे लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव या गोदावरीकाठच्या गावाच्या संदर्भात या काळाचा विचार करणे विशेष उद्बोधक ठरते, कारण मधल्या अनिश्चित काळाची तजवीज कशी करावी, याची एक जुनी रीत या तालुक्याच्या अर्थव्यवहारात मुरलेली आहे.

आज कर्मवीर शंकरराव काळे आणि सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे यांच्या नावांनी ओळखले जाणारे दोन सहकारी साखर कारखाने या तालुक्यात आहेत. गळीत हंगाम, म्हणजे ऊस गाळण्याचा काळ, साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. उरलेले महिने हंगामी कामगाराला काम नसते. तरीही त्याचा कारखान्याशी असलेला संबंध तुटत नाही, कारण साखर धंद्यात अशा कामगाराला बिगरहंगामात वेतनाचा ठरावीक हिस्सा देण्याची आणि पुढच्या हंगामात त्याला पुन्हा कामावर घेण्याची पद्धत आहे. या रकमेला कामगार ‘रिटेन्शन’ म्हणतात. काम नसलेल्या काळालाही नियम असतात आणि त्या काळाची जबाबदारी केवळ कामगाराच्या माथी मारायची नसते, हे तत्त्व या पद्धतीने मान्य केले आहे.

नव्या पिढीच्या नोकऱ्यांना हे संरक्षण क्वचितच लाभते. १९८३ मध्ये सुरू झालेले संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोमय्या महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे पदवी तालुक्यातच मिळू लागली, मात्र पदवीला साजेशी कायम नोकरी तितक्या प्रमाणात निर्माण झाली नाही. पुणे किंवा नाशिक येथे कंत्राटी पद्धतीने काम करणे, किंवा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवले तितकेच मानधन आणि दरवर्षी नवी नेमणूक अशा अटीवर शिकवणे, हे पर्याय सुशिक्षितांपुढे उरतात. त्यामुळे परदेशी जाण्याचा निर्णय महत्त्वाकांक्षेपेक्षा नोकरीच्या बेभरवशातूनच अधिक वेळा घेतला जातो. आणि विरोधाभास असा की, ज्या अस्थिरतेला कंटाळून माणूस निघू पाहतो, तिच्या नेमक्या उलट गोष्टीचा, म्हणजे स्थिर नोकरीचा, सलग अनुभवाचा आणि नियमित पगाराचा पुरावा परदेशी कचेऱ्या त्याच्याकडे मागतात.

या प्रतीक्षेचे स्वरूप ऊस उत्पादकाला लगेच समजेल असे आहे. शेतकरी उसाची लागण केल्यावर कारखान्याकडे तिची नोंद करतो आणि तोडणीचा क्रम सामान्यतः लागणीच्या तारखेवरून लागतो. अमेरिकेत कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, देतानाही अशीच एक तारीख धरली जाते; नोकरीच्या आधारे केलेला अर्ज ज्या दिवशी नोंदला जातो, ती अर्जदाराची क्रमतारीख होय. नोकरीवर आधारित परवान्यांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाकाठी साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, असा तिथला नियम असल्यामुळे आणि भारतीय अर्जदारांची संख्या प्रचंड असल्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षे सरकत नाही. रांगेत उभ्या असलेल्या उसाला तोड वेळेवर मिळाली नाही तर त्याला तुरा येतो, वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. स्थलांतराच्या अर्जालाही काळाचा असाच फटका बसतो.

या घटीचे मुख्य कारण असे की, अर्जाच्या पुडक्यातील प्रत्येक कागदाला स्वतःची मुदत असते आणि या मुदती एकमेकींशी जुळत नाहीत. प्रौढ व्यक्तीचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. इंग्रजी भाषेच्या आयईएलटीएस परीक्षेचे गुण २ वर्षांनी कालबाह्य होतात. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांकन पद्धतीत नाव एकदा नोंदले की ते १२ महिनेच टिकते. आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला फार जुना असेल तर तो नव्याने काढावा लागतो. याच कॅनेडियन पद्धतीत वयाचे पूर्ण गुण २० ते २९ वर्षांपर्यंतच मिळतात आणि तिशीपासून ते दरवर्षी कमी होत जातात, त्यामुळे एका परीक्षेसाठी किंवा एका दाखल्यासाठी गेलेले वर्ष दोनदा मोजले जाते. शिवाय नियमही बदलतात. कॅनडाने शिक्षणासाठी येणाऱ्यांकडून मागितली जाणारी निर्वाहाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० वरून २०,६३५ डॉलरवर नेली, तर ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसासाठी लागणारे किमान वार्षिक वेतन एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर आणि पुढे जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर नेले. जुन्या आकड्यांवर आखलेला संसाराचा बेत अशा एका घोषणेने कोलमडतो.

पैशांच्या बाजूने पाहता ग्रामीण कुटुंबाची अडचण शहरी कुटुंबाहून वेगळी असते. उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला जर्मनीत सामान्यतः वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल अशा खात्यात, ठेवावे लागतात. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित पद्धतीत साडेसात लाखांपेक्षा मोठ्या रकमेला स्थावर मालमत्तेचे किंवा तत्सम तारण लागते, आणि इथे सातबाऱ्यावर चार-पाच एकर बागायत असलेले कुटुंबही कोंडीत सापडते. बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे अशा कर्जासाठी शेतजमिनीऐवजी घर, बिगरशेती भूखंड किंवा मुदत ठेव मागण्याकडे बँकांचा कल असतो. परिणामी, कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे पिकत आलेली जमीन कागदावर निरुपयोगी ठरते आणि कुटुंबाला नातलगांची हातउसनवार, सोने गहाण ठेवणे किंवा जमिनीचा तुकडा विकणे यांपैकी एक वाट धरावी लागते.

नोकरीच्या ठिकाणी या काळात एक प्रकारचे मौन पाळले जाते. जाण्याचा बेत कळला तर बढती थांबेल, नवे काम दुसऱ्याला जाईल किंवा कंत्राट पुढे वाढणार नाही, या धास्तीने माणूस तो लपवतो. आणि अनुभवाचा दाखला, वेतनचिठ्ठ्या आणि वरिष्ठांचे पत्र तर त्याच कार्यालयाकडून हवे असते. अनेक खासगी कंपन्यांमध्ये राजीनाम्यानंतर दोन ते तीन महिने काम करण्याची अट असते, ज्याला नोटीस काळ म्हणतात. व्हिसा येण्याआधी राजीनामा दिल्यास पगार बंद होऊन अनुभवात खंड पडण्याचा धोका असतो, तर व्हिसा आल्यावर राजीनामा दिल्यास तिकडे रुजू होण्याची तारीख हुकण्याची भीती असते. यांपैकी पहिला धोका दुसऱ्याहून मोठा आहे, कारण रुजू होण्याची तारीख विनंती करून पुढे ढकलता येते, पण सुटलेली नोकरी तशी परत मिळत नाही.

घरातील व्यवहारांवरही या प्रतीक्षेची सावली पडते. गळके छत दुरुस्त करावे की नाही, मुलाला नव्या शाळेत घालावे की एक वर्ष थांबावे, मोटारसायकल विकावी की ठेवावी, असे किरकोळ वाटणारे निर्णय महिनोन्‌महिने लोंबकळत राहतात. शेतीच्या वाटणीचा प्रश्न पुढे येतो, कुलमुखत्यारपत्र म्हणजे गैरहजेरीत व्यवहार पाहण्याचा लेखी अधिकार कोणाला द्यावा यावर घरात खल होतो, आणि वृद्ध आई-वडिलांच्या दवाखान्याची जबाबदारी मागे राहणाऱ्या भावावर की विवाहित बहिणीवर, हेही ठरवावे लागते. लग्नाच्या स्थळांत ‘लवकरच परदेशी जाणार’ हा शेरा काही काळ वजनदार ठरतो. वर्ष उलटल्यावर मात्र तोच शेरा चौकशीचा विषय होतो.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी धोका आणखी वेगळा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला सौदी अरेबिया, कुवेत, ओमान यांच्यासह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवास संरक्षक या केंद्रीय अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. नोंदणीकृत भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. त्यामुळे लाख-दीड लाखांची मागणी झाली की तीच धोक्याची पहिली खूण समजावी. दुसरीकडे, शासनानेही या वाटेवर पाऊल टाकले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार झाला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना पाठविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मात्र अशा योजनेतही जर्मन भाषेचे शिक्षण आणि व्यवसायाच्या पात्रतेची मान्यता या पायऱ्या वगळता येत नाहीत, आणि त्या चढत असताना उमेदवाराचे घर कशावर चालणार, हा प्रश्न त्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

साखर धंद्याने बिगरहंगामासाठी जी तजवीज केली, तशी स्थलांतराच्या मधल्या काळासाठी कोणत्याही कचेरीने केलेली नाही. म्हणून ती कुटुंबालाच करावी लागते. किमान सहा महिन्यांचा घरखर्च अर्जाच्या खर्चापासून वेगळा काढून ठेवावा, सगळ्या कागदांच्या मुदती एका वहीत ओळीने लिहाव्यात, व्हिसा पासपोर्टवर उमटेपर्यंत राजीनामा देऊ नये, जमीन शेवटच्या पर्यायाआधी विकू नये, आणि अमुक तारखेपर्यंत काम झाले नाही तर बेत थांबवायचा, ही तारीख घरातील सर्वांच्या संमतीने आधीच ठरवून ठेवावी. कारखान्याचा गाळप बंद होण्याचा दिवस जाहीर होतो, म्हणून कामगाराला पुढचे महिने आखता येतात. परदेशी जाणाऱ्याने आपल्या प्रतीक्षेचा शेवटचा दिवस स्वतः जाहीर करावा, म्हणजे व्हिसा आला काय किंवा न आला काय, घराचा हंगाम बुडणार नाही.